नागपूरच्या वास्तूंवरून दागिने घडवताना: आकार घ्यावा की रचना?

चांदीची_रेघ

सर्वांना नमस्कार. मी चांदी आणि पितळ या धातूंत हाताने दागिने घडवते आणि माझ्या कामातील बहुतेक कल्पना नागपूरच्या इमारती, पूल आणि वाडे यांवरून सुचलेल्या असतात. याच वाटेने जाणारे आणखी काही जण येथे असतील असे वाटल्यावरून हा धागा काढत आहे. माझे मत आधीच मांडून ठेवते, म्हणजे ते खोडून काढायला सोपे जाईल. वास्तूचे चित्र दागिन्यावर उतरवू नये. त्या वास्तूतला एखादा संबंध, म्हणजे भार आणि आधार, भरीव आणि पोकळ, रेघ आणि तिच्या शेजारची मोकळी जागा, तेवढा उचलावा आणि तो शरीराच्या मापाने नव्याने बांधावा.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही, त्यामागे साधे गणित आहे. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा व्यास १२० फूट, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर. त्याचे २० मिलिमीटरचे लोलक करायचे म्हटले तर प्रमाण साधारण १:१८३० येते आणि या प्रमाणात एक फूट जाडीचा खांब ०.१७ मिलिमीटरचा होतो. करवतीने कापून, कानशीने घासून आणि वर झिलई देऊनही टिकेल अशी चांदीची पट्टी निदान अर्धा मिलिमीटर तरी असावी लागते. त्याहून बारीक पट्टी ओढणीच्या पहिल्याच धाग्यात अडकून वाकते. म्हणजे लहान प्रतिकृती करणारा माणूस नाइलाजाने खांब जाड करतो, खांबांची संख्या कमी करतो, नक्षी गाळतो आणि शेवटी इमारतीचे व्यंगचित्र हातात उरते. काहीतरी गाळायचेच आहे, तर काय ठेवायचे ते आपण विचारपूर्वक ठरवावे, असे माझे म्हणणे आहे.

एक उदाहरण देते आणि त्यातच माझा प्रश्नही आहे. कामठी रस्त्यावर गड्डीगोदामला सर्वांत खाली रस्ता, त्यावर रेल्वेमार्ग, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर आहेत. तेथे थांबून पाहिल्यास लक्षात येते की रस्ता, उड्डाणपूल आणि मेट्रो या तिघांची दिशा एकच आहे आणि रेल्वे तेवढी त्यांना छेदून जाते. यावरून मी चार पट्ट्यांचा एक दागिना आखला. प्रत्येक पट्टी २५ मिलिमीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद आणि ०.८ मिलिमीटर जाड, दोन पट्ट्यांमध्ये २ मिलिमीटर मोकळी जागा, म्हणजे एकूण खोली सव्वानऊ मिलिमीटरच्या आत. पट्ट्यांचेच वजन चार ग्रॅमच्या थोडे वर जाते. प्रथम मनात साडीवर लावायची पिन होती, परंतु समोरून पाहिल्यावर वरची पट्टी खालच्या दोघींना झाकून टाकते आणि फक्त फुली दिसते; थरांमधली हवा बाजूनेच कळते. कानातला दागिना मात्र लोक बहुधा बाजूनेच पाहतात, म्हणून आता कानातलेच करत आहे. अडचण जोडणीची आहे. मधल्या नळ्या तीन पातळ्यांवर झाळून, म्हणजे जोडधातू वितळवून, बसवायच्या तर वरची झाळ वितळवताना खालची सुटते. कडक, मध्यम आणि नरम अशा तीन प्रतींच्या झाळी वापरूनही हा धोका पूर्णपणे जात नाही. जाणकारांनी उपाय सुचवावा.

सराफा_ओळ

ताई, चारही थर झाळण्याचा आग्रह सोडावा, असे मी सुचवेन. आमच्या घरात तीन पिढ्या इतवारीत सोनारकाम झाले आणि जेथे आगीशिवाय काम भागते तेथे आग लावू नये, एवढे आम्हाला लहानपणापासून शिकवले गेले आहे. चारही पट्ट्यांना आरपार छिद्रे पाडावीत, मध्ये नळीचे २ मिलिमीटर उंचीचे तुकडे ठेवावेत आणि त्या सर्वांतून १ मिलिमीटर जाडीची तार ओवून दोन्ही टोके ठोकून बसवावीत. एकाच तारेवर पट्ट्या फिरतील, म्हणून दोन तारा घ्याव्यात; पट्ट्या फक्त छेदाच्या जागीच एकमेकींवर येत असल्यामुळे दोन्ही तारा त्याच पाच मिलिमीटरच्या चौकोनात बसवाव्या लागतील, तेवढी आखणी काटेकोर हवी. छिद्र तारेला घट्ट बसणारे असावे. तार आधी तापवून मऊ करावी आणि डोके बनवण्यासाठी तारेच्या जाडीच्या साधारण निम्मी लांबी बाहेर ठेवावी. जास्त ठेवली तर डोके बसण्याऐवजी तार आडवी वाकते.

या पद्धतीचा दुसरा फायदा असा की सगळ्या पट्ट्यांची झिलई जोडण्यापूर्वीच पुरी करता येते. दोन मिलिमीटरच्या फटीत नंतर झिलईचा कोणताही बफ पोहोचत नाही आणि नळ्या झाळल्या की धातू स्वच्छ करायचे तेजाबाचे पाणी त्यांच्या आत शिरून बसते. ते पुढे कित्येक दिवस हळूहळू पाझरून चांदीवर डाग पाडत राहते.

झाळीचा विषय निघालाच आहे, तर नव्याने शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. बाजारात स्वस्त मिळते म्हणून कॅडमियम मिसळलेली झाळ घरी कोणीही वापरू नये. कॅडमियम ७६७ अंश सेल्सियसला उकळते आणि चांदीकामात ज्योतीखाली तेवढे तापमान सहज गाठले जाते. तो धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना अपाय करतो. सोन्याच्या कामातील ‘केडीएम’ म्हणून जे प्रसिद्ध होते ते हेच. कॅडमियमविरहित झाळ मागून घ्यावी, आणि खिडकी उघडी ठेवली म्हणजे झाले, अशा समजुतीत राहू नये.

महालची_माडी

धागा आवडला. पूल आणि मेट्रो ठीक आहेत, परंतु महाल या नागपूरच्या जुन्या भागातल्या वाड्यांकडे या दृष्टीने पाहावे अशी विनंती करतो. भोसल्यांच्या काळापासूनच्या या वस्तीत अजूनही काही वाड्यांत सागवानी खांब, तुळया आणि महिरपी उभ्या आहेत. ताईंनी ‘भार आणि आधार’ असे जे लिहिले, ते तेथे उघड्या डोळ्यांनी दिसते, कारण लाकडी वाड्याची रचना भिंतीआड लपत नाही.

मला दोन ठिकाणे दागिन्याच्या दृष्टीने फार उपयोगी वाटतात. पहिले म्हणजे खांबाच्या डोक्याशी दोन्ही बाजूंना पसरलेले हस्त. तुळईचा भार रुंद जागेवर घेऊन तो खांबाकडे आणण्याचे काम हस्त करतात आणि त्यांच्यावर केळफूल किंवा पानांचे नक्षीकाम असले तरी मूळ आकार या कामातूनच आलेला असतो. गळ्यातल्या पेंडंटला साखळी जेथे अडकते तेथे नेमके हेच काम असते, वजन एका बिंदूकडे आणायचे. बहुतेक दागिन्यांत त्या ठिकाणी एक निनावी गोल कडी असते. त्या कडीच्या जागी हस्त आला तर तो शोभेपुरता उरणार नाही, त्याला काम मिळेल.

दुसरे ठिकाण म्हणजे तळखडा. लाकडी खांब जमिनीवर थेट टेकवत नाहीत. त्याखाली घडवलेला दगड असतो, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. सागाच्या मण्याला खालून चांदीची अशीच बैठक दिली तर घामाचा आणि ओलीचा त्रास मण्याच्या उघड्या टोकाला होणार नाही. मी स्वतः कारागीर नाही, मला लाकडाचा आणि वाड्यांचा नाद आहे, त्यामुळे हे प्रत्यक्षात किती शक्य आहे ते आपण सांगावे.

आराखडा

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून मोजमापाबद्दल थोडे लिहिते. या विषयावरचे बहुतेक काम फोटोवरून केले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. जमिनीवर उभे राहून मोबाईलने काढलेल्या फोटोत इमारतीच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात, मधला भाग फुगतो आणि कडेचे खांब बारीक दिसतात. तो फोटो तसाच पत्र्यावर चिकटवून कापला तर कॅमेऱ्याने आणलेली विकृती चांदीत उतरते. त्यापेक्षा शक्य तितके लांब जाऊन, इमारतीच्या मधोमध उभे राहून, वहीत फक्त एवढेच टिपावे: खांब किती, दोन खांबांमधील जागा खांबाच्या किती पट, आणि पायाची उंची एकूण उंचीच्या किती हिस्सा. ही तीन प्रमाणे हातात आली की बाकीचे तपशील विसरले तरी चालतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपल्या उच्च न्यायालयाची इमारत. नवी दिल्लीच्या उभारणीत काम केलेले हेन्री मेड हे तिचे वास्तुरचनाकार. १९३७ साली पायाभरणी झाली आणि ६ जानेवारी १९४० रोजी उद्घाटन झाले. लोक तिचा घुमट लक्षात ठेवतात, आणि घुमट घेतला की त्याची किल्लीला लावायची वस्तू होते. माझ्या मते त्या इमारतीचे खरे वैभव वालुकाश्मावर पडणाऱ्या सावल्यांत आहे. नागपूरचे ऊन वरून आणि कडक पडते, त्यामुळे पुढे आलेल्या प्रत्येक पट्टीखाली काळी, धारदार रेघ उमटते. १९२५ च्या आमच्या रेल्वे स्थानकाच्या दर्शनी भागावरही हीच गंमत दुपारी पाहता येते.

दागिन्यात मात्र एक अडचण आहे. इमारत स्थिर असते आणि ऊन फिरते. दागिना घालणारी व्यक्ती स्वतःच फिरत असते, त्यामुळे सावलीचा काही भरवसा नसतो. म्हणून सावली धातूतच बांधून ठेवावी लागते. त्यासाठी खरी खोली द्यावी, किंवा खोबणीत चांदी काळी करावी. गंधकयुक्त द्रावण कोमट आणि सौम्य ठेवून चांदी थोडी थोडी काळी करत न्यावी. एकदम तीव्र द्रावणात बुडवली तर काळा थर जाड होऊन पापुद्र्यासारखा सुटतो. नंतर उंच भाग घासून उजळले की पट्टीखालची रेघ उरते. वापराने उंच भाग आणखी उजळत जातात आणि खोबण काळीच राहते, म्हणजे दागिना जुना होईल तशी रचना अधिक स्पष्ट होते.

गड्डीगोदामच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्या पोलादी पुलाचे भागही उच्च ताकदीच्या बोल्टांनीच जोडलेले आहेत. सराफाकाकांनी सुचवलेली ठोकलेली तार तेथे केवळ सोयीची ठरत नाही, मूळ वास्तूशीही इमान राखते. तारेची डोकी घासून सपाट करू नका, ती दिसू द्या.

निळी_वाट

धागाकर्तीने सुरुवातीलाच दीक्षाभूमीचे उदाहरण घेतले आहे, म्हणून थोडे स्पष्टपणे लिहितो. राग मानू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा जेथे घेतली, ती ही भूमी आहे. आमच्यासाठी ती केवळ एक देखणा घुमट नाही. तिच्यावरून दागिना करूच नये असे मी म्हणणार नाही. दरवर्षी विजयादशमीला तेथे लागणाऱ्या दुकानांत बुद्धाच्या मुद्रेची आणि धम्मचक्राची लॉकेटे असतात आणि लोक ती श्रद्धेने गळ्यात घालतात. परंतु काही पथ्ये पाळावीत. पैंजण, जोडवी, कंबरपट्टा किंवा चपलेवरची नक्षी यांवर हा आकार येऊ नये. प्रदर्शनात तो वाघ आणि संत्री यांच्या मध्ये ‘नागपूर विशेष’ म्हणून टांगला जाऊ नये.

दुसरे असे की चक्र करणार असाल तर चोवीस आरे असलेच पाहिजेत. जागा पुरत नाही म्हणून सोळा किंवा बारा आऱ्यांचे चक्र केलेले मी पाहिले आहे. बारा मिलिमीटर व्यासाच्या चक्रात कडेला एका आऱ्याच्या वाट्याला सुमारे दीड मिलिमीटर जागा येते आणि मध्याच्या अर्ध्या वाटेवर ती पाऊण मिलिमीटर उरते, त्यातच आरा आणि पोकळी दोन्ही बसवायची. ते करवतीने कापणे जमत नसेल तर चक्र मोठे करावे किंवा कोरून काढावे; आरे कमी करू नयेत.

आणि एक सूचना. हा स्तूप आतून पोकळ आहे, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य आहे. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याच्या आत जाता येत नाही. दीक्षाभूमीच्या स्तूपाखाली मात्र माणसे एकत्र उभी राहतात. आपण रचना घ्यावी असे म्हणता, तर ही आतली जागा दागिन्यात कशी येईल, त्याचा विचार करावा.

चांदीची_रेघ

निळी_वाट, आपण सांगितलेली पथ्ये मला पूर्णपणे मान्य आहेत आणि चक्राबद्दलचे मोजमाप तर मी वहीत लिहून ठेवले. आतल्या पोकळीबद्दल आपण जे लिहिले, त्यावरून मला एक दिशा दिसते. पत्र्याच्या चकतीला अर्धगोल खळग्यांच्या पितळी ठोकळ्यात मोठ्या खळग्यापासून लहान खळग्याकडे नेत, लाकडी डोक्याच्या ठोकणीने हळूहळू खोल करत गेले की वाटी तयार होते. मंगळसूत्राच्या वाट्या याच पद्धतीने होतात, तेव्हा हे तंत्र आपल्या सोनारांच्या रक्तातलेच आहे. २० मिलिमीटरच्या अर्धगोलासाठी चकतीचा व्यास साधारण २८ मिलिमीटर लागतो. मध्ये मध्ये चांदी तापवून मऊ करावी लागते, अन्यथा कड चिरते. एरवी वाटीची फुगीर बाजू बाहेर ठेवून ती चकचकीत करण्याची रीत आहे. येथे मी उलट करीन: बाहेरची बाजू पांढरी आणि निस्तेज ठेवीन, आतली बाजू झिलईने उजळ करीन आणि लोलक असे टांगीन की घालणाऱ्या व्यक्तीला मान खाली घालून पाहिल्यावर आतली जागा दिसेल. त्यावर ना चक्र, ना कळस, ना नाव.

महालची_माडी, हस्त आणि तळखडा या दोन्ही सूचनांसाठी आभार. हस्ताचा आकार कडीच्या जागी आणण्याची कल्पना मी याआधी कोठेही पाहिली नव्हती.

प्रदर्शनवाली

मी दागिने घडवत नाही, विकते. माझ्याच दोन मैत्रिणी घडवतात. त्यामुळे माझे म्हणणे थोडे निराळे आहे आणि ते बहुधा येथे कोणाला आवडणार नाही. आपण सर्व जण रचना, प्रमाण, सावली यांविषयी सुंदर लिहीत आहात. परंतु टेबलासमोर उभी राहणारी बाई दागिना हातात घेऊन पहिला प्रश्न हाच विचारते की हे नागपूरचे कशावरून? तिला झिरो माईलचा स्तंभ आणि त्याच्याजवळचे चार घोडे ओळखू येतात. चार पट्ट्यांची फुली तिच्यासाठी मुंबईचीही असू शकते आणि माद्रिदचीही. मुलगी परदेशी निघाली आहे, तिला आपल्या गावाचे काहीतरी द्यायचे आहे, या भावनेतून बरीच खरेदी होते. त्या भावनेला स्मरणवस्तू म्हणून नाक मुरडणे मला पटत नाही. ओळख पटणे हाही दागिन्याचा एक गुण आहे. बायका पिढ्यान्‌पिढ्या कुयरी, चंद्रकोर आणि मोर घालत आल्या, ते ओळखू येतात म्हणूनच.

दुसरा मुद्दा किमतीचा. चांदीचा दागिना म्हटला की गिऱ्हाईक वजन विचारते आणि घडणावळ ग्रॅममागे मोजते. जाळीच्या कामात हा हिशेब उलटा पडतो. ३० बाय २० मिलिमीटरचा, एक मिलिमीटर जाडीचा अखंड पत्रा सव्वासहा ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातला चाळीस टक्के भाग करवतीने कापून काढला की पावणेचार ग्रॅम उरतो. म्हणजे मेहनत कितीतरी पटीने वाढली आणि ग्रॅमच्या हिशेबाने मिळणारी एकूण मजुरी घटली. म्हणून आम्ही धातूची किंमत आणि कामाचे मोल चिठ्ठीवर वेगवेगळे लिहितो. काही लोक तरीही घासाघीस करतात, परंतु निदान त्यांना काय विकत घेत आहोत ते कळते.

नकलेबद्दलही सांगते. आमच्या एका कर्णफुलाची हुबेहूब नक्कल शहरातल्या एका दुकानाने साचा काढून बाजारात आणली. तेव्हा चौकशी केल्यावर कळले की डिझाइन कायदा, २००० प्रमाणे नोंदणी करता येते, ती दहा वर्षे चालते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. परंतु अर्ज करण्याआधीच नमुन्याचे फोटो समाजमाध्यमांवर टाकलेले असतील तर नवेपणाचा दावा टिकत नाही. हे येथील हौशी मंडळींनी लक्षात ठेवावे.

आराखडा

प्रदर्शनवालीताईंचा मुद्दा मला अर्धा पटतो. कुयरी ओळखू येते हे खरे, परंतु कुयरी म्हणजे आंब्याची प्रतिकृती नाही. कित्येक पिढ्यांनी ती वळवत वळवत इतकी साधी केली की आता एका वळणातच ती पुरी होते. झिरो माईलच्या घोड्यांना अजून ते भाग्य लाभलेले नाही. १५ मिलिमीटरच्या घोड्याला चार पाय, आयाळ आणि शेपटी देण्याची धडपड केली तर तो बुद्धिबळातला घोडा होतो.

चांदीची_रेघ

‘नागपूरचे कशावरून’ या प्रश्नापुढे मी गप्प बसते हे खरे आहे, आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तरीही झिरो माईलच्याच बाबतीत एक वेगळी वाट सुचवून पाहते. तो स्तंभ मुळात मोजणीचा आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामाशी तो जोडलेला असून जवळच्या दगडावर १९०७ हे साल कोरलेले आहे. त्याच्याशी निगडित षट्कोनी दगडावर जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, चांदा, हैदराबाद अशा गावांची अंतरे नोंदवलेली आहेत. म्हणजे या वास्तूचा आत्मा अंतरात आहे. मी असा हार आखत आहे की ज्याच्या नळ्यांची लांबी त्या अंतरांच्या प्रमाणात असेल: छिंदवाड्याची नळी आखूड आणि हैदराबादची लांब. प्रत्येक नळीवर गावाचे आद्याक्षर बारीक कोरलेले असेल. घोडा एकही नसेल. परदेशी निघालेल्या मुलीसाठी तिच्या नव्या गावाची नळी त्यात घालता येईल काय, असा विचारही आला, परंतु त्या प्रमाणात ती नळी गळ्यात मावणार नाही.

प्रदर्शनवाली

ही कल्पना मी नक्की विकू शकेन. मात्र सोबत चार ओळींचे कार्ड द्यावे लागेल, आणि ज्या दागिन्याला कार्ड लागते तो स्वतःच्या पायावर किती उभा राहिला, यावर आपण पुढे भांडू.

बिनभिंतीचा

मी विद्यार्थी आहे आणि सिमेंटचे लोलक करतो. नागपुरात डांबरी रस्ते जाऊन सिमेंटचे रस्ते ज्या वेगाने आले ते पाहता याहून स्थानिक साहित्य दुसरे नसावे. पांढरे सिमेंट आणि बारीक चाळलेली रेती सिलिकॉनच्या साच्यात ओतून मी लहान ठोकळे काढतो आणि त्यांत पितळी पट्ट्या बसवतो. माझे दोन प्रश्न आहेत. काही मैत्रिणींना मानेवर खाज आली, ती कशामुळे? आणि मे महिन्यात पितळी पट्ट्या चिकटद्रव्यातून सुटल्या, त्यावर उपाय कोणता?

आराखडा

ताजे सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि घामाच्या संपर्कात ते त्वचेला झोंबते. साच्यातून काढल्यावर ठोकळे काही आठवडे पाण्यात मुरू द्यावेत, पाणी बदलत राहावे, पूर्ण वाळल्यावर सर्व बाजूंनी सीलर लावावा आणि त्वचेला लागणारी बाजू शक्यतो धातूची ठेवावी. खाज पितळामुळेही असू शकते, तेव्हा एकदा पितळ काढून फक्त मुरलेला ठोकळा घालून पाहावा, म्हणजे कारण कळेल.

सराफा_ओळ

पट्ट्या सुटण्याचे कारण उन्हाळा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलेला दागिना त्याहून कितीतरी जास्त तापतो. तेवढ्या उष्णतेत बरीच घरगुती चिकटद्रव्ये मऊ पडतात, शिवाय पितळ आणि सिमेंट सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. चिकटवण्यावर विसंबू नये. पट्टीच्या मागे दोन लहान पाय झाळावेत, त्यांची टोके बाहेर वळवावीत आणि सिमेंट ओतण्यापूर्वीच पट्टी साच्यात ठेवावी, म्हणजे ती आत रुतून बसेल.

चांदीची_रेघ ताईंसाठी एक गोष्ट राहिली होती. चांदीवर हॉलमार्क सोन्याप्रमाणे सक्तीचा नाही, परंतु १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांकासह ऐच्छिक हॉलमार्क मिळू लागला आहे. ९२५ प्रतीची चांदी म्हणून विकत असाल तर त्याचा विचार करावा. मात्र लाकूड किंवा सिमेंट बसवण्यापूर्वी, नुसता धातू असतानाच तपासणी करून घेणे सोयीचे पडते.

आता सागाच्या मण्याविषयी. सागात तेलाचा अंश असतो, त्यामुळे त्यावर चिकटद्रव्य नीट धरत नाही; लावण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्यावे. तळखड्याची वाटी आधी पूर्ण झाळून, तेजाबात धुऊन, झिलई देऊन तयार करावी आणि मणी अगदी शेवटी बसवून आडवी तार ठोकावी. लाकूड बसल्यानंतर ज्योत जवळ नेता येत नाही, त्यामुळे दुरुस्तीची वेळ आलीच तर तार कापूनच मणी काढावा लागेल; तार उघड्या जागी ठेवावी.

महालची_माडी

माझ्याकडे एका जुन्या वाड्याच्या पाडकामातून वाचवलेल्या सागाच्या तुळईचे तुकडे आहेत. धागाकर्तीला हवे असल्यास विनामूल्य देईन. अट एवढीच की पहिला तळखडा मला दाखवावा. लाकूड वरून काळवंडलेले असले तरी आतून अजून पिवळसर तपकिरी आणि तेलकट निघते.

चांदीची_रेघ

अवश्य घेईन, आणि दाखवीनही. व्यक्तिगत निरोप पाठवत आहे.

सराफा_ओळ

तुकडे कापण्यापूर्वी त्यांवरून एक चांगले लोहचुंबक फिरवून पाहावे. जुन्या तुळयांत हाती ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांची टोके खोलवर राहिलेली असतात. करवतीचे पाते तर तुटतेच, आणि लोखंडाचा कण मण्यात राहून गेला तर पावसाळ्यात सागावर निळसर काळा डाग उमटतो, तो नंतर सहज निघत नाही.